आपल्या वतीनं घासाघीस कोण करतं?

देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये किंवा बर दुबईच्या मीना बाजारात सोनं घ्यायला गेलेली मराठी बाई पहिल्याच दुकानात कधी पैसे मोजत नाही. सोन्याचा त्या दिवसाचा भाव सगळीकडे सारखाच, हे तिला पक्कं ठाऊक असतं. घासाघीस होते ती घडणावळीवर. "समोरचा याहून कमी सांगतोय" या एका वाक्याची ताकद तिला कळलेली असते. ते वाक्य प्रत्येक वेळी खरं असायलाच हवं असंही नाही. समोर दुसरं दुकान असलं की पुरे.

हेच कुटुंब मुलासाठी गेम कन्सोल घ्यायला मॉलमध्ये जातं, तेव्हा चित्र वेगळं असतं. किंमत छापलेली. विक्रेता फार तर एखादा जादा कंट्रोलर देतो आणि गोड हसतो. मुलगा आधीच ठरवून आलेला असतो, कारण वर्गातल्या सगळ्यांकडे "तोच" असतो. आईबाबा मुकाट्यानं कार्ड पुढे करतात. इथे घासाघीस करायला जागाच नाही, असं त्यांना वाटतं.

माझं म्हणणं असं, की घासाघीस इथेही झालेली असते. ती आपण दुकानात पोचायच्या आधीच होते, आणि ती आपल्या वतीनं करतात त्या एकमेकींच्या धाकात असलेल्या कंपन्या: प्लेस्टेशनवाली सोनी, एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आणि स्विचवाली निन्टेंडो. तिघींपैकी एकीलाही आपल्यावर प्रेम नाही. पण ग्राहक दुसरीकडे जाईल या भीतीनं गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत खेळणाऱ्यांना जेवढं मिळालं, तेवढं कुणाच्या दानतीनं मिळालं नसतं. ही भीती टिकून राहावी असं वाटत असेल, तर आपणही काही गोष्टी करायला हव्यात. दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत त्याबद्दल थोडं बोलू या.

आधी एकट्या दुकानाची गोष्ट. १९८३ च्या सुमाराला अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीसारखी बडी कंपनी गाळात गेली. त्या ओसाड जागेवर १९८५ पासून जपानच्या निन्टेंडोनं पुन्हा दुकान थाटलं. श्रेय त्यांचंच. पण स्पर्धक उरला नाही, तसे नियम येत गेले. गेम बनवणाऱ्या कंपनीनं वर्षाला पाचच गेम आणायचे. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या यंत्रावर द्यायचा नाही. कार्ट्रिज निन्टेंडोच तयार करून देणार. किंमत ९९.९९ डॉलरच्या खाली आणू नका असा दबाव दुकानदारांवर टाकल्याचा आरोप झाला, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि राज्यांशी तडजोड करून कंपनीनं ग्राहकांना पाच-पाच डॉलरची कुपनं देण्याचं कबूल केलं.

कायद्यानं मिळाली ती पाच डॉलरची कुपनं. खरा फरक पाडला तो सेगानं. सेगाचं जेनेसिस हे यंत्र १९८९ मध्ये अमेरिकेत आलं. १९९१ मध्ये कंपनीनं त्याची किंमत उतरवली आणि 'सॉनिक' हा नवाकोरा गेम सोबत देऊन टाकला. गेम बनवणाऱ्यांनाही दुसरा दरवाजा मिळाला, त्यामुळे निन्टेंडोच्या जाचक अटी सैल पडत गेल्या. एक स्पर्धक आला आणि ग्राहक, दुकानदार, गेम बनवणारे, तिघांचाही श्वास मोकळा झाला.

१९९५ मध्ये हाच डाव सेगावर उलटला. सेगानं आपलं सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत ३९९ डॉलरला आणलं. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस व्यासपीठावर गेला आणि प्लेस्टेशनची किंमत सांगून खाली उतरला: २९९. शंभर डॉलरचा फरक, म्हणजे आजच्या हिशोबानं ३६७ दिरहम. सहा वर्षांनी, २००१ मध्ये, सेगानं कन्सोल बनवणंच थांबवलं.

पुढे सोनी स्वतः मस्तीत आली. प्लेस्टेशन २ तुफान खपलं होतं. दीडशे दशलक्षांहून जास्त नग. मग २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं आणि त्याच्या मोठ्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर, म्हणजे सुमारे २,२०० दिरहम. एकीकडे वर्षभर आधी आलेलं एक्सबॉक्स ३६० होतं, आणि दुसरीकडे अडीचशे डॉलरचं निन्टेंडो वी, ज्यावर आजी-आजोबासुद्धा बैठकीच्या खोलीत बोलिंग खेळू लागले. ग्राहकांनी पाठ फिरवली. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ चं नवं सडपातळ मॉडेल २९९ डॉलरला आलं. एका पिढीत निम्मी किंमत.

मायक्रोसॉफ्टलाही धडे मिळाले. एक्सबॉक्स ३६० मधले असंख्य नग बंद पडू लागले. समोर लाल दिव्यांचं कडं लागलं की यंत्र गेलंच समजायचं. २००७ मध्ये कंपनीनं या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. शेजारी प्लेस्टेशन आणि वी मांडलेले नसते, तर एवढी दर्यादिली दिसली असती का? मला शंका आहे.

२०१३ चा प्रसंग तर शाळेत शिकवावा असा आहे. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केलं: किंमत ४९९ डॉलर, यंत्रानं दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि वापरलेली डिस्क मित्राला देण्यावर किंवा विकण्यावर बंधनं. जूनमध्ये सोनीनं उत्तर दिलं: ३९९ डॉलर, डिस्क हवी त्याला द्या, हजेरीची गरज नाही. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टनं ती सगळी बंधनं मागे घेतली. कोर्ट नाही, कायदा नाही, मोर्चा नाही. समोरच्या दुकानाची पाटी पुरेशी झाली.

आपल्या पहिल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. बजाज स्कूटरचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं आपल्याच घरात होती. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर निघायची, पण शेजारच्या चिंचवडमध्ये राहणाऱ्यालाही ती नंबर लागल्याशिवाय मिळायची नाही. स्कूटर चांगलीच होती. पण परवाना राज्यात पर्याय वाढू दिलेच नव्हते, त्यामुळे ग्राहकानं काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केलेल्या मोटरसायकली आल्या, नव्वदीत बाजार मोकळा झाला आणि प्रतीक्षायादी हा शब्दच विसरायला झाला.

इथल्या अमिरातीतलं उदाहरण आणखी जवळचं आहे. २००७ मध्ये 'डू' सुरू झाली आणि एतिसलातच्या जोडीला दुसरी टेलिफोन कंपनी आली. पण आपल्यापैकी कितीजण लगेच बदलले? फार थोडे. कारण ०५० चा नंबर भारतातल्या सगळ्या नातेवाइकांकडे, बँकेत, मुलांच्या शाळेत दिलेला. नंबर सोडायचा म्हणजे अर्धं आयुष्य पुन्हा कळवायचं. २०१३ च्या अखेरीला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हा कुठे दुसरं दुकान खऱ्या अर्थानं उघडलं. माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. दोन दुकानं असून भागत नाही. पहिल्या दुकानातून आपलं सामान घेऊन उठून जाता आलं पाहिजे.

गेमच्या जगात ही मोकळीक उशिरा आणि अर्धवट आली. बरीच वर्षं प्लेस्टेशनवरचा मुलगा एक्सबॉक्सवरच्या मित्राबरोबर एकाच सामन्यात खेळू शकत नसे. गेम तोच, इंटरनेट तेच, पण दोघांमध्ये कंपनीची भिंत. त्यामुळे मित्रांच्या टोळीत पहिल्यानं जे यंत्र घेतलं, तेच सगळ्यांना घ्यावं लागे. वर्गातल्या सगळ्यांकडे "तोच" का असतो, याचं हे एक कारण. २०१८ मध्ये 'फोर्टनाइट'च्या खेळाडूंनी आरडाओरडा केला, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो आधीच तयार होत्या, आणि त्या सप्टेंबरमध्ये सोनीनंही दार उघडलं. २०१९ च्या डिसेंबरात 'माइनक्राफ्ट'ही प्लेस्टेशन ४ वर इतर यंत्रांशी जोडलं गेलं. आज शारजात प्लेस्टेशनवर बसलेली मुलगी आणि डोंबिवलीत फोन घेऊन बसलेला तिचा मामेभाऊ एकाच माइनक्राफ्टच्या जगात वाडा बांधू शकतात. उन्हाळी सुट्टीत भेटणाऱ्या भावंडांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

प्रतिस्पर्ध्यांनी एका मंचावर यावं, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केलं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक संस्था. प्रेक्षकांतही दोन तट. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एकत्र उभे राहिले आणि शंभर वर्षांनंतरही त्या रात्रीची आठवण काढली जाते. दोन्ही कंपन्या बरखास्त होऊन एक झाल्या असत्या, तर ती रात्र घडलीच नसती. स्पर्धाही राहिली आणि प्रेक्षकाला दोघेही मिळाले. गेम खेळणाऱ्यांना हेच हवं आहे.

आता दुसरी बाजू. "स्पर्धा वगैरे ठीक आहे, पण एक गेम या डब्यावर आणि दुसरा त्या डब्यावर, मग मुलगा दोन्ही डबे मागतो, त्याचं काय?" असं एखादी आई विचारेल. तिचं बरोबर आहे. एकाच यंत्रावर मिळणारे खास गेम ही स्पर्धेची किंमत आहे. मात्र मारिओ, झेल्डा, गॉड ऑफ वॉर यांच्यावर एवढा पैसा आणि एवढी वर्षं खर्च होतात, तीही यंत्र खपावं म्हणूनच. स्वतः बनवलेला गेम आपल्याकडे ठेवणं मला मान्य आहे. दुसऱ्यानं बनवलेला, सगळीकडे मिळू शकला असता असा गेम पैसे मोजून शेजाऱ्याकडे जाऊ न देणं, यात खेळणाऱ्याचा काय फायदा? मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घ्यायचं २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नियामकांनी हाच प्रश्न धरून ठेवला. सौदा पुरा व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला, आणि तोवर 'कॉल ऑफ ड्यूटी' इतरांच्या यंत्रांवरही देत राहू, असे दहा-दहा वर्षांचे करार मायक्रोसॉफ्टला करावे लागले.

स्पर्धा मुलांच्या वेळेसाठीही चालते, हेही मान्य केलं पाहिजे. आत काय आहे ते न दाखवता पैसे घेणाऱ्या 'लूट बॉक्स'च्या पेट्या त्यातूनच वाढल्या. बेल्जियमनं २०१८ मध्ये त्यांना जुगार ठरवलं. किंमत कमी करण्याची चढाओढ खेळणाऱ्याच्या भल्याची असते, पण मुलाला उठूच न देण्याची चढाओढ नसते. ती मर्यादा कंपनी घालणार नाही. ती घरात घालावी लागते आणि काही ठिकाणी सरकारला.

आणि आता काळजीचं कारण. यंत्र जुनं होत जातं तशी त्याची किंमत उतरते, ही आपली जुनी सवय. २०२५ मध्ये अमेरिकेत उलटं घडलं. पाच वर्षं जुनं प्लेस्टेशन ५ ऑगस्टमध्ये ५० डॉलरनं महागलं. २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेलं एक्सबॉक्स सीरिज एक्स दोन टप्प्यांत ६५० डॉलरपर्यंत गेलं. ऑक्टोबरमध्ये 'गेम पास अल्टिमेट'ची मासिक वर्गणी २० डॉलरवरून ३० डॉलर झाली. याला आयात शुल्क आहे, सुट्या भागांच्या किमती आहेत. सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकता येणार नाही. पण त्याच वर्षी 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर' हे एक्सबॉक्सचे मानाचे गेम प्लेस्टेशनवर आले. प्लेस्टेशनवाल्या मुलांनी आनंद साजरा केला, आणि गेम मिळाले म्हणून तो योग्यही आहे. मात्र समोरच्या दुकानानं आपला उत्तम माल इकडे आणून ठेवला, याचा एक अर्थ असाही असतो, की आपल्या दुकानावर त्याचा भरवसा कमी झालाय. पुढच्या यंत्राची किंमत ठरवताना "३९९" म्हणून दुसऱ्याला खाली खेचणारं कुणी उरलं नाही, तर काय होतं, ते आपण वर पाहिलंच आहे.

मग आपण काय करायचं? आपल्यासारख्या, कधी ना कधी देश बदलणाऱ्या कुटुंबांना तर याचा विचार इतरांपेक्षा जास्त करायला हवा. व्हिसा, नोकरी, मुलांचं कॉलेज: आज अबू धाबी, उद्या पुणे किंवा टोरोंटो. कंटेनरमध्ये सोफा जातो. मुलानं आठ वर्षांत जमवलेले गेम जातात का?

डिस्क किंवा कार्ट्रिज असेल तर जाते. प्लेस्टेशन ५ ची डिस्क आणि स्विचचं कार्ट्रिज इथे घेतलेलं तिथेही चालतं. जाण्याआधी डुबिझलवर विकता येतं, मंडळातल्या धाकट्या मुलाला देता येतं. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला बांधलेला असतो, आणि प्लेस्टेशनच्या खात्यावर एकदा निवडलेला देश बदलता येत नाही. जुने गेम त्या खात्यावर चालत राहतात, पण इथलं बँक कार्ड बंद झाल्यावर त्याच खात्यात नवं काही घ्यायचं तर त्या देशाची गिफ्ट कार्डं शोधत बसावं लागतं. आणि एका देशाच्या डिस्कवर दुसऱ्या देशाच्या दुकानातली भर बसेलच याची खात्री नसते. निन्टेंडो आणि एक्सबॉक्स काही अटींवर खात्याचा देश बदलू देतात. यंत्र निवडताना ग्राफिक्सच्या आकड्यांइतकाच हा मुद्दाही विचारात घ्या. कंपन्या जे विचारलं जातं त्यावरच स्पर्धा करतात. हे कुणी विचारलंच नाही, तर त्या बदलणार नाहीत.

म्हणून पालकांना माझी विनंती. डिस्कचा खाचा असलेलं मॉडेल थोडं महाग असलं तरी त्याचा हिशोब नीट करा. सत्तर डॉलरचा, म्हणजे अडीचशे दिरहमच्या वरचा गेम खेळून झाल्यावर निम्म्या किमतीला गेला, तरी वर्षाला चार-पाच गेममध्ये तो फरक भरून निघतो. वर्गणी घ्यायची तर महिन्याची घ्या आणि सुट्टी संपली की बंद करा. वर्षभराची वर्गणी आपोआप कापली जाऊ देणं म्हणजे समोरचं दुकान बघायचं सोडून देणं. आणि निर्णय मुलावर सोडण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: "हा नाही आवडला तर यातलं काय काय आपल्याबरोबर येईल?" त्याला याचं उत्तर शोधावं लागेल, आणि ते शोधताना तो जे शिकेल ते फोन, बँक, विमा, सगळीकडे उपयोगी पडेल.

मुलांनो, तुमच्याशीही थोडं. प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स, यावर तुम्ही स्कूल बसमध्ये भांडता, ते भांडण मजेचं आहे, खुशाल भांडा. आम्हीही क्रिकेटपटूंवरून भांडायचो. पण कंपनी म्हणजे आपला संघ नव्हे. संघ हरला तरी आपण त्याच्याबरोबर राहतो. कंपनीच्या बाबतीत नेमकं उलटं करायचं असतं: तिनं किंमत वाढवली, डिस्क काढून घेतली, मित्रांमध्ये भिंत घातली, की उठायचं. तुमच्या आवडत्या कंपनीला नीट वागायला लावणारी गोष्ट तुमची निष्ठा नाही, तर तुम्ही कधीही जाऊ शकता ही शक्यता आहे. त्यामुळे शेजारच्या मुलाकडे दुसरं यंत्र असेल तर त्याला हसू नका. तुमचं यंत्र स्वस्त राहण्यात त्याचाही वाटा आहे. त्याला या दिवाळीत फराळाला बोलवा, आणि दोघांना एकत्र खेळता येईल असा एखादा गेम निवडा.